सात नंबरची काठी

माझ्या मुलीने स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं आणि मग उपकार केल्यासारखं आम्हाला मुलाच्या आईवडिलांना भेटायला पुण्याला बोलावलं. मी जळगावात बी-बियाणं, खतं आणि ठिबकच्या नळ्या विकतो. माझ्या शब्दावर जामनेर-बोदवडची माणसं कपाशीचं वाण बदलतात. पण पुण्याच्या त्या दिवाणखान्यात पंधरा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की इथे आपल्याला कोणी विचारत नाही.

मुलाचे वडील मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. सडपातळ, आणि आवाज इतका हळू की ऐकायला आपणच पुढे वाकावं. मी नेलेला केळीचा वेफर चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "ऑरगॅनिक?" मी वांग्याच्या भरताचं वर्णन केलं, ते म्हणाले, "हाऊ नाइस." मी आमच्या केळीच्या बागेबद्दल सांगितलं, तर म्हणाले, "गावाकडची माणसं किती साधी असतात, नाही?" साधी म्हणजे काय, हे मला चांगलं कळतं. बैल मारकुटा नसला की आम्ही त्याला गरीब म्हणतो, त्यातलाच प्रकार.

मग त्यांनी विचारलं, "मी गोल्फ खेळतो. तुम्ही काही खेळता?"

"गोल्फच," माझ्या तोंडून निघून गेलं. "थोडंफार."

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. मुलगी खिडकीबाहेर पाहू लागली. व्याह्यांची नजर मात्र पहिल्यांदाच माझ्यावर थांबली. "जळगावला गोल्फ कोर्स आहे?"

"धुळ्याकडे," मी म्हणालो. जळगावच्या माणसाने थाप मारायची तर धुळ्याचं नाव घ्यावं, खात्री करायला कोणी जात नाही.

"मग साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आपण दोघं खेळू या," ते म्हणाले. साखरपुड्याला सात आठवडे होते.

परतताना बायकोने सोपा उपाय सांगितला. "त्या दिवशी आजारी पडा." मला तो पटला नाही, आजार तरी किती वेळा काढणार? मी उघडा पडलो तर पोरगी त्या घरात जन्मभर थापाड्याची मुलगी म्हणून नांदणार, ही मला भीती होती. थाप मारली तेव्हा ही भीती कुठे गेली होती, हे बायकोने विचारलं. मी गाडीतला रेडिओ मोठा केला.

धुळ्याजवळच्या एका गावात माझे एक जुने गिऱ्हाईक राहतात, फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी नोकरीतली बरीच वर्षं छावणीत साहेबांच्या गोल्फच्या मैदानाची देखभाल केलेली. स्वतः कधी खेळले नाहीत, पण साहेब लोक कुठे चुकतात हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नसेल. मी ऑनलाइन, गोल्फच्या नंबर घातलेल्या काठ्यांतली एक जुनी सात नंबरची काठी आणि डझनभर चेंडू मागवले आणि दर रविवारी धुळ्याला जायला लागलो. दुकानात सांगितलं, मक्याचे प्लॉट बघायला चाललोय. जळगावात सराव केला असता तर बाजाराच्या दिवसाआधी जिल्ह्याला कळलं असतं.

सुभेदारांच्या शेतातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या नुकत्याच उपटल्या होत्या, तेच आमचं मैदान. पहिल्या दिवशी मी काठी डोक्यावर उचलली आणि दाणकन हाणली. चेंडू जिथल्या तिथे, आणि ढेकूळ मात्र बांधापर्यंत गेलं.

"भाऊ, हाई कुऱ्हाड नई शे," सुभेदार म्हणाले. "तुमले लाकडं फोडानी नईत."

खरं तर मला तेवढंच येत होतं. आमच्याकडे हातात दांडा आला की तो वर जातो आणि खाली येतो. कुदळ असो, कुऱ्हाड असो. आडवं फिरवायचं, ते पण जोर न लावता, हे आमच्या खानदानात कोणी केलेलं नाही. सुभेदारांचं म्हणणं उलटंच. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे किंचित वाकवा, डावा हात सरळ ठेवा, आणि आधी अंग फिरवा, काठी आपोआप मागून येते. काठी धरायची ती हातात अंडं असल्यासारखी. आणि सगळ्यात मोठा नियम, "डोकं हालाडू नका. चेंडू कोठे पळी जास नई."

पण चेंडू मारायचा आणि तो कुठे जातो हे बघायचं नाही, हे व्यापारी माणसाला कसं जमावं? उधारीवर माल देतानाही आम्ही गिऱ्हाईक कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत असतो. तीन रविवार माझं डोकं चेंडूच्या आधी वर येत राहिलं. बांधावर गावातली चार माणसं जमू लागली. गोल्फ म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पण माझं काय चुकतं हे चौघांनाही ठाऊक होतं.

चौथ्या रविवारी मी एक शहाणपणा केला. आमच्या घरात कुठल्याही औजाराच्या दांड्याला तेल पाजल्याशिवाय तो वापरात घेत नाहीत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. मला वाटलं, एवढी महागाची काठी, तिचंच का राहावं? शनिवारी मी तिच्या रबरी मुठीला शेंगदाण्याचं तेल छान चोळलं, हळदकुंकू लावलं, समोर नारळसुद्धा फोडला. रविवारी पाय रोवले, गुडघे वाकवले, अंग फिरवलं. डोकं अजिबात हललं नाही. सगळं जमलं आणि काठी हातातून सुटून बांधावरच्या चौघांच्या डोक्यांवरून थेट उकिरड्यात जाऊन पडली.

चौघं माती झटकत उठले. मग सुभेदारांनी उकिरड्यातून काठी काढून मूठ हुंगली. "तेल कोनी लाई दिधं?"

"मीच," मी म्हणालो.

पूर्ण नोकरीत कधी हसले नसतील इतके ते हसले. त्यांच्या घरी मूठ साबणाने तीनदा धुतली, तरी शेवटपर्यंत तिला फोडणीचा वास येत राहिला.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या त्या हिरव्यागार मैदानावर उभा होतो. एवढं पाणी फक्त गवताला, हे बघून माझ्यातला ठिबकवाला कासावीस झाला. व्याह्यांनी त्यांचा पहिला चेंडू मारला, तो लांब, झाडांपलीकडे गेला. मग माझी पाळी. पाय रोवले, अंग फिरवलं. काठी हवेतून गेली. पुन्हा हवेतून. तिसऱ्यांदाही. चेंडू माझ्याकडे बघत तसाच बसून होता.

व्याही जवळ आले. "पाय बरोबर आहेत, खांदा बरोबर आहे. कोणाकडे शिकलात?"

"लहानपणापासूनच आमच्याकडे..." मी सुरुवात केली.

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "राहू द्या. तुमच्या मुलीने आम्हाला पहिल्या भेटीच्या आधीच सांगितलं होतं. म्हणाली, माझ्या पप्पांना कोणी कमी लेखलं की ते काहीतरी ठोकून देतात. त्यांना हसू नका. आणि त्यांना साधं म्हणू नका." ते जरा थांबले. "ते दुसरं माझ्याकडून राहिलं. सॉरी. मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी कारण काढून आज टाळाल. तुम्ही तर शिकून आलात."

मला राग आला. आधी त्यांचा, मग पोरीचा, आणि शेवटी ज्याचा यायला हवा होता त्याचा. पोरीला माझी लाज वाटू नये म्हणून मी सात आठवडे ढेकळं फोडली होती, आणि ती मात्र माझ्या आधी त्या घरात जाऊन माझ्यासाठी शब्द टाकून आली होती. लहानपणापासून तिने माझ्या किती थापा अशा मुकाट झाकल्या असतील, हे मनात आलं. मी व्याह्यांना सुभेदारांपासून तेलापर्यंत सगळं खरं सांगितलं. तेल ऐकताना त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला. मग चौथा चेंडू मी जोर न लावता मारला आणि तो लागला.

संध्याकाळी मुलगी खोलीत आली. उद्याच्या साड्या पलंगावर पसरल्या होत्या. एक बाजूला सारून ती बसली आणि विचारलं, "कसा झाला खेळ, पप्पा?"

एक नंबर, असं माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळलं. "तीनदा हवेत फिरवली," मी म्हणालो. "चौथा चेंडू वीस पावलं गेला."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"वीस?"

"बारा," मी म्हणालो.