तानुबाई अकोल्यात हसली नाही

तानुबाईचं हसणं अमरावतीत इतवाऱ्याच्या बाजारात दोन ओळी पलीकडे ऐकू जातं. गिऱ्हाईक आधी त्या हसण्याच्या रोखानं येतं, मग सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतं. बाई पंचावन्नची, जिभेची तिखट. राग आला की वांगी बाजूला ठेवून समोरचा माणूसच निवडायला घेते. आणि नवऱ्याच्या दहाव्याची गोष्ट? ती तर विचारायचीच खोटी!

गोवर्धनराव गेले, तेव्हा कावळा पिंडाला शिवेना. भाऊ म्हणाला, वावर सांभाळतो. जावई म्हणाला, तंबाखूचा खर्रा सोडतो. कावळा फांदीवर ढिम्म. दोन तासांनी उन्हानं करपलेली तानुबाई पुढं झाली नि ओरडली, "अवो, तुमच्या रेडिओले कोणी हात लावणार नाही!" कावळा सरळ खाली. घाटावर रडता रडता आधी तीच हसली, मग सगळा गोतावळा.

तिचा पुतण्या किशोर क्लासमध्ये गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात नाटकं बसवतो. त्यानं ही गोष्ट उचलली, रेडिओच्या जागी मोबाइल ठेवला आणि 'शिव रे बाबा' नावाची ब्लॅक कॉमेडी स्पर्धेत उतरवली. अमरावतीच्या प्रयोगाला तानुबाई पहिल्या रांगेत. सुनेचं काम करणाऱ्या पोरीनं कावळ्यापुढं मेलेल्या सासऱ्याला हात जोडले, "मामाजी, तुमचा मोबाइल कोणीच उघडून पाहणार नाही!" आणि तानुबाई जी सुटली! तिच्यामागं अख्खं सभागृह.

दोन दिवसांनी पेपरात परीक्षण आलं. किशोरची बायको मंजुषा वाचून दाखवत होती, आणि एकेका ओळीला तिचा आवाज बारीक होत होता. "पहिल्या रांगेतील एका भाजीविक्रेत्या महिलेच्या आचरट हास्यामुळे मृत्यूचे गांभीर्य धुळीस मिळाले. आपला प्रेक्षक अद्याप या प्रकाराला तयार नाही."

"आचरट कोनाले म्हटलं त्यानं?"

"तुम्हालेच, मोठ्याई."

"माहा नवरा मेला! मी हासन नाही तं रडन. त्या पेपरवाल्याची चिठ्ठी आणू काय आधी?"

त्या आठवड्यात चष्मेवाल्या गिऱ्हाइकांचे हाल झाले. "तुमी परीक्षण लिहिता काय?" हे विचारल्याशिवाय बाई भावच सांगेना.

त्यात किशोर आला. पुढची फेरी अकोल्याला होती आणि तेच लिहिणारे सर तिथं परीक्षक. "मोठ्याई, तू ये. पण हासू नको. माह्या तीन वर्षांच्या मेहनतीचा सवाल आहे."

"म्हंजे पंगतीले बस, पण तोंड उघडू नको? वा रे माह्या नाटककारा! गोष्ट माही, मेलेला माणूस माहा, अन् शिस्त तुही?"

तरी ती गेली. एसटीत बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत खिडकीशी भांडत गेली. पुन्हा पहिल्या रांगेत बसली, परीक्षक सरांपासून दोनच खुर्च्या सोडून. दात असे आवळले, जसे काही नाटकवाले ते उपटायलाच आले होते.

मोबाइलचं वाक्य आलं. पोरगी हशासाठी थांबली. कोणीच हसेना. लोक एकमेकांकडे बघत राहिले, कोणीतरी सुरुवात करेल म्हणून. मुलाचं काम करणारा किशोर रंगमंचाच्या कडेपर्यंत आला आणि नजरेनंच मोठ्याईला 'हास' म्हणून विनवू लागला. बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शिळ्या पालकाकडे बघतात. मग कावळा आला, पिंडाला शिवला. सभागृहात खोकला तेवढा ऐकू आला.

किशोरची जिरवली, असं म्हणत तानुबाई परतली. सूड पुरा झाला होता.

आठ दिवसांनी निकाल लागला. पहिला नंबर! परीक्षकांनी लिहिलं होतं, "हास्याचा मोह टाळून मृत्यूचे गूढ उलगडणारा प्रयोग. प्रगल्भ प्रेक्षकांची निःशब्द दाद." किशोर बायकोला घेऊन ढालीसकट पाया पडायला आला. "मोठ्याई, तू हासली नाही म्हणून झालं! आता शेवटच्या फेरीले नागपूरलेही अशीच चूप बसजो."

तानुबाईचा चेहरा टमाट्यासारखा झाला. गल्लीतल्या बायका दारात आल्या, कारण असा आवाज फुकट ऐकायला रोज मिळत नाही.

"घाटावर लोक हासले, तवा मले वाटलं, माहा माणूस सुटला! तू त्याले पुन्हा त्या फांदीवर अडकवून ठेवलं, अन् वरून ढाल घेऊन आला? अन् मी! मी बी त्या मुडद्यावानी बसली!" तिनं ढाल उचलली आणि पायरीवर नेऊन ठेवली. "नागपूरले इतवाऱ्यातल्या साऱ्या बाया घेऊन येईन. तुह्या परीक्षकाच्या मागच्याच रांगेत बसवीन. अन् एकीलेबी चूप म्हणणार नाही. नंबर जाऊ दे खड्ड्यात!"

"मोठ्याई, लोकं काय म्हणतीन?"

"हासतीन!"

किशोर ढाल उचलायला वाकला. मंजुषा मात्र जागची हलली नाही. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मोठ्याई, तुमच्या रांगेत मले बी एक जागा धरजा."