कौतिक मिस्तरीचं बाकडं

कौतिक मिस्तरीला राग यायला माणूस लागायचा नाही, वस्तू पुरायची. किटलीच्या तोटीतून चहा कपात पडायच्या ऐवजी ओघळून मांडीवर सांडला, तर तो हॉटेलवाल्याला काही बोलायचा नाही. ज्या कुणी ती तोटी वाकवली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. एस्टीची पायरी इतकी उंच, की लुगडं नेसलेली म्हातारी चढताना मागून कुणी लोटलं तरच वर जायची. ते बघून त्याचं डोकं फिरायचं. "ज्यानी बनाडं, त्यानी कधी वापरी देखं का?" हा त्याचा जन्माचा सवाल. बनवणारा काही उत्तर द्यायला समोर नसायचा, त्यामुळे सगळं ऐकून घ्यावं लागायचं धुरपदाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला. ती भाकरी थापता थापता "व्हय, व्हय" म्हणायची. एवढ्या वर्षांत तिला त्या सवालाची सवय झाली होती.

सावळखेडं हे शिंदखेड्याहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराची चौकट, पाळणा आणि वखर कौतिकच्या हातची. वखराची मूठ करायची तर तो आधी गड्याला अंगणात चालायला लावायचा, हात कुठवर येतो ते बघायचा आणि मगच लाकूड तासायला वाकस उचलायचा. सरपंचापासून शेंबड्या पोरापर्यंत त्याला सगळे नाना म्हणत. माणूस सोन्यासारखा, तोंड मात्र विस्तवासारखं.

त्याचा सगळ्यात जुना वैरी म्हणजे गावच्या फाट्यावरची एस्टीची शेड. कुठल्या तरी खात्यानं ती कधीकाळी बांधून टाकली होती. वर पत्रा, तोंड मावळतीला. खानदेशातलं ऊन ज्यानं एकदा तरी अंगावर घेतलंय तो शेडचं तोंड मावळतीला करील का? दुपारनंतर आत बसलेला माणूस भट्टीतल्या विटेसारखा निघायचा. आतला सिमेंटचा ओटा इतका उंच की बसल्यावर पाय लोंबकळायचे. त्या शेडचा उपयोग फक्त शेळ्यांना झाला, आणि तोही रात्री. माणसं बाहेर रस्त्यावर उभी राहायची.

सत्याऐंशीच्या वैशाखात त्याची सून मंदा तिथंच उभी होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, चौथा महिना लागलेला. नवरा भटू धुळ्याला गिरणीत, तो रविवारचा यायचा. सासूबरोबर ती दवाखान्यात तपासून घ्यायला निघाली होती. गाडी वेळेवर आली नाही आणि मंदा डांबरावर कोसळली. पोर गेलं. डॉक्टर म्हणाले, उन्हामुळंच झालं असं सांगता येत नाही. कौतिकला सांगता येत होतं. दुसऱ्या दिवशी फाट्यावर जाऊन त्यानं त्या शेडच्या खांबाला अशी लाथ घातली की स्वतःच आठवडाभर लंगडत होता.

हिवाळ्यात मंदाला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, तसा तो सरपंच भाईदास आबांच्या दारात जाऊन बसला.

"ती शेड माले पाडू द्या. मी नवी बांधसू."

"मिस्तरी, सरकारी मालमत्ता आहे ती," आबा म्हणाले.

"मालमत्ता? शेळ्यासनी लेंडी शे तठे बठ्ठी!"

वाद पुष्कळ झाला. शेवटी आबांनी तडजोड काढली, की पाडायची नाही, पण दुरुस्ती म्हणून काय हवं ते कर. कौतिकनं दुरुस्ती अशी केली की जुन्या शेडचे फक्त चार खांब आणि पत्रा उरला. मावळतीच्या बाजूला त्यानं दगडाची जाड भिंत घातली आणि वारा यावा म्हणून तिच्यात झरोके ठेवले. तोंड उगवतीला केलं. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा जाड थर आणि त्यावर गवत टाकलं. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या गावात फुकट पडलेल्या असतात, त्या पोरांनी डोक्यावर आणून टाकल्या. कोपऱ्यात रांजण पुरला. आणि बसायला बाभळीच्या फळ्यांचं लांब बाकडं केलं. मधे फटी, म्हणजे बुडाखालून हवा जावी. बाकडं भिंतीला न चिकटवता हातभर पुढं घेतलं, म्हणजे बायांना गाठोडी मागं ठेवता यावीत.

बाकड्याच्या उंचीसाठी धुरपदाबाईचा जीव खाल्ला त्यानं. अंगणात विटा रचायच्या, तिला बसवायचं, उठवायचं, एक वीट काढायची, परत बसवायचं.

"पाय टेकस का?"

"टेकस."

"आते उठ. गुडघा दुखना का?"

"गुडघा नई, डोकं दुखस मनं!" धुरपदाबाई कावली. "चुल्हावर दाय शे. करपी जाई."

डाळ करपली, पण उंची ठरली. मंदा हे सगळं आतल्या दारातून बघत होती. हसू आवरत नव्हतं तिला. पण कौतिक वळला तशी ती पदर ओढून आत गेली. त्यात नवल काही नव्हतं. सासरा ओसरीत आला की ती उठायची, तो अंगणात आला की ती मागच्या दारी जायची. दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोलली नव्हती. गावात सगळ्याच घरी तसंच होतं.

फाल्गुनात शेड तयार झाली. आबांनी नारळ फोडला. गावानं तोंडभरून कौतुक केलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तिथं कोण बसलं? गावातली पत्ते कुटणारी टोळी. गार सावली, गार पाणी, वर वारा. सकाळपासून ते तिथं पाय पसरून. बाया बाहेर उन्हात उभ्या.

कौतिकच्या अंगाची लाहीलाही झाली. तो वाकस घेऊनच धावला. पत्ते उडाले, पोरं पळाली. पण हा पाठ वळवून घरी आला की ती परत हजर. मग त्यानं ठरवलं, की आपणच राखण करायची. शेवटी ज्यानं बनवलं त्यानं वापरायला नको? सकाळची न्याहारी झाली की तो फाट्यावर जायचा. रंधा, पटाशी तिथंच घेऊन जायचा आणि बाकड्याच्या टोकाला बसून पाळण्याचे खूर तासायचा. टोळीनं दोन दिवस लांबून वाट पाहिली आणि मग पारावर बस्तान हलवलं.

आता बाया बसतील, असं त्याला वाटलं. बाया यायच्या, भिंतीच्या मागं उभ्या राहायच्या, गाडी दिसली की पळायच्या. सकाळी त्या बाजूला भिंतीची सावली पडायची, तिच्यात खेटून राहायच्या. सूर्य माथ्यावर आला की तीही जायची. मग पदर कपाळावर ओढून नुसतं ऊन खायचं.

"बठा ना वं मझार! तठे ऊनमा कसाले उभ्या शेतस?" तो आत यायला हात करत ओरडायचा.

बाया एकमेकींकडे बघायच्या, तोंडाला पदर लावायच्या आणि आणखी चार पावलं लांब सरकायच्या.

त्याला वाटलं, फळ्या टोचत असतील. त्यानं सगळ्या फळ्या पुन्हा रंधून गुळगुळीत केल्या. वाटलं, छपरात साप असेल अशी भीती असेल. छप्पर उसकून परत घातलं. वाटलं, रांजणाचं पाणी कुणी भरलं म्हणून शंका असेल. पण त्याच बाया भिंतीला वळसा घालून, पाठमोऱ्या होऊन, रांजणातलं पाणी मात्र गटागट पीत होत्या.

वेड लागायची पाळी आली ती पुढच्याच गोष्टीनं. यावलकडून लेकीला भेटायला आलेली एक परकी बाई एक दिवस उतरली आणि सरळ येऊन बाकड्यावर टेकली. "भाऊ, काय गार जागा केली हो! आमच्याकडे असं बसायला कुठं नाही," म्हणाली. तिला बसता आलं! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकी माहेरी आल्या, त्या तर बाकड्यावर चढून बसल्या, पाय हलवत गाणी म्हणाल्या. "नानाकाका, कितलं भारी बाकडं करं हो तुम्ही!" त्यांनाही बसता आलं. मग सावळखेड्यात नांदणाऱ्या बायांनाच काय धाड भरली होती?

"गाढवले गुयनी चव काय!" तो घरी येऊन धुरपदाबाईवर डाफरला. "येवढा जीव काढा, अनि ह्या बाया उभ्याच!"

धुरपदाबाईनं नुसती तव्यावरची भाकरी उलटली. एवढं उघड आहे, आणि हा माणूस मुद्दाम वेड घेऊन पेडगावला निघालाय, असंच तिला वाटत होतं.

आखाजीनंतर, वैशाखातच, मंदाचा तपासणीचा दिवस आला. सातवा महिना. कौतिक सकाळीच फाट्यावर गेला. बाकडं आपल्या उपरण्यानं पुसलं. रांजण ताज्या पाण्यानं भरला. आणि कुणी मधे येऊ नये म्हणून टोकाला बसून सगळं बाकडं धरून ठेवलं. वर्षभर त्याच्या डोळ्यापुढं ही एकच गोष्ट होती, मंदा या सावलीत बसून गाडीची वाट पाहतेय. बाकी गाव बसो नाहीतर उलथो.

सूर्य माथ्यावर यायच्या सुमाराला सासू-सुना आल्या. आणि मंदा भिंतीमागं, आधीच ताटकळलेल्या बायांत जाऊन उन्हात उभी राहिली.

गाडीचा पत्ता नव्हता. ऊन चढत चाललं. झरोक्यातून कौतिकला तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. मधेच ती भिंतीला हात टेकायची. मागचा वैशाख पुन्हा समोर उभा राहिला.

"भटूनी माय!" तो खेकसला. "तिले सांग, मझार ये अनि बठ! बठ्ठं बाकडं रिकामं शे!"

धुरपदाबाई भिंतीमागून ताडताड बाहेर आली. आजवर दाबून ठेवलेलं तिच्या तोंडातून सुटलं.

"रिकामं कथाईन? तुम्ही बठेल शेतस ना तठे!"

"मी? मी त तिन्हासाठेच बठेल शे! जागा धरी ठेयेल शे!"

"सासराना मांडीले मांडी लाईसन बठी का सून? घरमा तुम्ही उनात की ती उठी जास. मंग आठे कशी बठी? अनि ती एकलीच नई. गावन्या बठ्ठ्या सुना शेतस त्या. कोन्हा तुम्ही सासरा, कोन्हा जेठ. तुम्ही उठाले तयार नई, अनि वर आम्हलेच गाढव म्हनतस!"

कौतिकनं आपल्याच मांडीखालच्या फळ्यांकडे पाहिलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हाच. फळ्या तासल्या, छप्पर उसकलं, साप शोधला, आणि बाकड्यावर कोण बसलंय एवढं तेवढं पाहिलं नाही. पत्तेवाली पोरं तरी बरी, त्यांना हाकलता येत होतं. नानाला कोण हाकलणार?

त्याला स्वतःची इतकी चीड आली की उठताना रंधा खाली पडला तो त्यानं उचललासुद्धा नाही. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिथं एक बाभूळ होती, सावली म्हणावी तर नावाला. तिच्याखाली तो शेडकडे पाठ करून उभा राहिला.

मागं पावलं वाजली. बांगड्या वाजल्या. मग फळ्या करकरल्या, आधी एकदा, मग कितीदा तरी. रांजणावरचं झाकण सरकलं. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या खळखळून हसल्या. त्याच्यावरच हसल्या असणार, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. वळून एकदा बघावंसं मात्र फार वाटत होतं. मंदाचे पाय जमिनीला टेकतायत का? फळीची कड गुडघ्यामागं रुततेय का? उभ्या जन्मात त्यानं केलेल्या वस्तूकडे असं पाठ करून राहायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. घाम डोळ्यांत गेला तरी तो वळला नाही. गाडी आली, गेली, तेव्हाच तो हलला.

संध्याकाळी दोघी परत आल्या. डॉक्टर म्हणाले होते, सगळं ठीक आहे. धुरपदाबाईनं ते सांगितलं आणि चूल पेटवायला गेली. कौतिक ओसरीत बसून होता. तेवढ्यात आतल्या दाराआडून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"नाना, बाकडाले पाठ टेकाले काही नई शे. कंबर भरी येस."

कौतिक दचकला. तीन वर्षांत हा आवाज त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होता. आणि तो नेहमीसारखा चिडला.

"मंग आतेलोंग काय तोंड शिवेल व्हतं का?"

"कोन्हाफुडे उघाडती ती तोंड?" चुलीपुढून धुरपदाबाई म्हणाली.

तो उठला, ओसरीतला पाट भिंतीलगत सरकवून ठेवला, चुलीजवळचा एक विझलेला कोळसा उचलला आणि तो धुरपदाबाईच्या हातात दिला. "तिले पाटवर बठाड. मांगे रेलीसन जठे बरं वाटस, तठे भिंतवर रेघ मार. मी भायेर जास."

तो गल्लीत जाऊन घराकडे पाठ करून उभा राहिला. येणारे जाणारे विचारू लागले, नाना, असे का उभे? तो सगळ्यांवर गुरगुरला. आतून सासू-सुनेची खुसफूस, मग हसणं, मग परत हसणं.

"व्हयनं का?" तो पाठमोराच ओरडला.

"व्हयनं!" आतून आवाज आला. धुरपदाबाईचा नव्हता तो.

तो आत आला तोवर मंदा मागच्या दारी गेली होती. पांढऱ्या भिंतीवर कोळशाची वाकडीतिकडी रेघ होती. स्वतः बाकड्यावर बसून त्यानं मनानं जे माप धरलं असतं, त्याच्यापेक्षा चांगली चार बोटं खाली. त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं. मग "ज्यानी बनाडं..." असं काहीतरी पुटपुटायला लागला, आणि मधेच गप्प झाला. खुंटीवरची दोरी काढून त्यानं खाली बसत रेघेपासून पाटापर्यंतचं अंतर मोजून घेतलं, दोरीला गाठ मारली आणि फळी शोधायला निघाला.