गाडीखालचं पांढरं कापड

त्या रविवारी सकाळी मी गाडीचं बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीत डोकावत होतो, तेवढ्यात भाचा दारात आला. वडगावहून आमच्या शहापूरला तो कधी चालत येत नाही. त्या दिवशी चालत आला. "मामा, आई गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला. आदल्या संध्याकाळीच आक्काचा फोन आला होता : "उद्या बोरगावला जायचं हाय. पाणी बघून ठेव. मागच्यावानी लाल दिवा लावून बसू नको." माझ्या थोरल्या बहिणीचं माझ्याशी शेवटचं बोलणं हे असं, गाडीच्या पाण्याबद्दल. आता दीड महिना होईल. ते बोलणं आठवलं की मला आधी हसू येतं आणि मग मी उठून गाडीचं पाणी बघून येतो.

आक्काचं सगळं आयुष्य मागावर गेलं, आधी हातमाग, मग यंत्रमाग. तिच्या शेजारच्या मागावर तिची मैत्रीण हौसाक्का असायची. हौसाक्का लग्न होऊन बोरगावला गेली तरी दोघींचं भांडण काही मिटलं नाही, साडीचा काठ कुणाचा सरळ यायचा हे ते भांडण. म्हातारपणी हौसाक्काचा खुबा मोडला, ती अंगणाबाहेर पडेना. आक्काच्या गुडघ्यांना एसटी चढवेना. मी निवृत्त झाल्यावर हौसेनं एक जुनी गाडी घेतली होती. आक्कानं ती बघितली, मागच्या सीटवर बसून उशी ठेवून घेतली आणि जाहीर केलं, की एक रविवार सोडून बोरगाव. माझं मत विचारायची पद्धत आमच्यात नव्हतीच.

इंजिन तापल्याचा लाल दिवा पहिल्यांदा लागला तो संकेश्वरच्या अलीकडे. मी गाडी कडेला घेतली आणि तरातरा जाऊन टाकीच्या झाकणाला हात घातला. मागून माझा शर्ट ओढला गेला. "कुकरचं झाकण वाफ जायच्या आधी उघडतोस व्हय रं? हात भाजून घेशील." मग आम्ही बांधावर तासभर बसलो. हौसाक्कासाठी केलेले लाडू दोघांनी मिळून संपवले आणि आक्कानं मला शपथ घातली, की हौसाला सांगायचं न्हाय. गार झाल्यावर झाकण उघडलं तर टाकी रिकामी. बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतून वेळ मारून नेली.

पुढे दर खेपेला तेच. दिवा लागायचा, मी नळाचं पाणी ओतायचो, चार दिवसांनी टाकी पुन्हा रिकामी. मिस्त्रीनं एक्झॉस्टपाशी हात धरला, मान हलवली आणि म्हणाला, "पाणी आतल्या आत जळतंय. इंजिन उघडावं लागंल." घरी पोरांनी तर निकालच दिला, विकून टाका. मलाही ते पटत चाललं होतं, खोटं कशाला बोलू. आक्काला सांगितलं तेव्हा ती सुपारी कातरत होती. हात थांबवून म्हणाली, "गाडी गेली तर आमची गाठ संपली, बाळू. आता तिनं यायचं न्हाय आणि मला जायला जमायचं न्हाय." आक्काला मी कधी अशा आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा घेऊन हजर. यंत्रमागाचं तेल साडीवर पडलं की माल गेलाच. म्हणून कुठून गळतंय ते शोधायला या बायका मागाखाली पांढरं कापड अंथरायच्या. काठीनं ढकलून तिनं ते बॉनेटच्या खाली बरोबर पसरलं. दोन तासांनी काढलं तर कोरडं ठणठणीत. मी जरा खूश झालो, कारण मिस्त्री बरोबर ठरत होता. आक्का माझ्याकडे बघतच राहिली. "बंद माग तेल गाळतोय व्हय रं? चालवून आण की! आणि त्या टाकीत रंगाचं पाणी घाल. नळाचं पाणी वाळून जाईल, तुला काय दिसणार, कप्पाळ?" मी मुकाट्यानं हिरवं कूलंट भरलं, काकतीपर्यंत जाऊन आलो, गाडी जागच्या जागी उभी केली. कापड पुन्हा सरकवलं. अर्ध्या तासानं त्याच्या उजव्या कोपऱ्यात नाण्याएवढा हिरवा डाग!

तो डाग घेऊन ती स्वतः मिस्त्रीकडे आली आणि कानडीत त्याला असं काही समजावलं, की तो हसत हसत गाडीखाली शिरला. डागाच्या बरोबर वर रेडिएटरचा खालचा रबरी पाइप, क्लिपपाशी केसाएवढा चिरलेला. पाणी तापून दाब आला की तिथून गळायचं. नवा पाइप, नवी क्लिप, आतली हवा काढून कूलंट खुणेपर्यंत भरलं, झालं काम. इंजिन कुणी उघडलं नाही. पुढच्याच रविवारी आम्ही बोरगावात होतो, आणि लाडवांची गोष्ट आक्कानंच पहिल्या पाच मिनिटांत फोडली.

आक्का गेल्यावर पोरं पुन्हा म्हणाली, आता गाडी कशाला? बोरगावला कुणाच्या नावानं जायचं, हे मलाच कळत नव्हतं. तरी गेल्या रविवारी निघालो. मागच्या सीटवर उशी तशीच होती. हौसाक्काच्या अंगणात गाडी लावली आणि घरी लावल्यावर करतो त्या सवयीनं डिकीतून ते कापड काढून गाडीखाली सरकवलं. समोर ठेवलेला चहा गार झाला. मग हौसाक्का डोळे पुसून म्हणाली, "ही कापडाची युक्ती माझी. मीच शिकवलंतं तिला. सांगितलं न्हाय नव्हं तुला?" मी मान हलवली. "न्हाईच सांगणार ती," म्हणाली, आणि मनापासून हसली.

निघताना कापड ओढून काढलं, तर तिनं हात पुढे केला. जुना हिरवा डाग बोटानं चाचपला, मग सगळं कापड उजेडात धरून उलटसुलट बघितलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली आणि घडी घालून माझ्या हातात दिलं. "म्हंजे एक रविवार सोडून येतोस."