शुक्रवारी विचारला जाणारा गालिचा

आमच्या घरात एक गालिचा आहे आणि त्याच्यापायी मी चौदा वर्षं धाकात काढली. गालिचा तसा गरीब आहे, तांबडा, मऊ, कडेला निळी वेल. धाक होता तो पाठवणाऱ्या माझ्या थोरल्या नणंदेचा.

वन्सं मस्कतला नर्स होत्या. आमच्या लग्नाला चार दिवसांच्या रजेवर आल्या आणि पाचव्या दिवशी गेल्या. वर्षभराने आम्ही मालवणात घर बांधलं, तेव्हा कोणा गाववाल्याबरोबर त्यांनी हा गालिचा पाठवला. पुढे रजेवर आल्या तरी त्या मसुऱ्याला, गावच्या घरी, सासूबाईंजवळ राहायच्या, आमच्याकडे फक्त उभ्या उभ्या येऊन जायच्या. फोन मात्र दर शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दुपारी. भावाशी बोलून झालं की फोन माझ्या हातात यायचा.

"गालिचो बरो आसा मां गो?"

"बरो आसा," मी म्हणायची. की फोन बंद. मी शाळेत शिकवते, आठवडाभर मुलांच्या वह्या तपासते. शुक्रवारी माझी वही तपासली जाते, असं मला वाटायचं, आणि रागही यायचा.

राग आला की मी कामाला लागते. गालिच्याच्या बाबतीत मी इतकी कडक झाले की नवऱ्याने त्यावर पाऊल ठेवण्याआधी पाय पुसायचे, आणि पुसले की दाखवायचे. झाडायचा तो तंतू ज्या अंगाला लवतात त्याच अंगाने, मऊ केरसुणीने. होळीला आणि दिवाळीला त्याची तोंडं फिरवायची, म्हणजे दाराकडची बाजू एकटीच झिजत नाही. एकदा नवऱ्याच्या मित्राच्या हातून सोलकढी सांडली. मी पांढरा पंचा घेऊन डाग कडेकडून मध्याकडे नुसता टिपत बसले, घासला अजिबात नाही, आणि डाग गेला. तो मित्र मात्र भात कोरडाच खाऊन गेला, हे नवरा अजून चारचौघांत सांगतो.

आमच्याकडे गालिच्याचा खरा वैरी पावसाळा. जूनपासून लादीला पाणी सुटतं, बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं. म्हणून मे संपायच्या आत मी गालिचा दोन दिवस उन्हात पालथा घालते, काठीने झोडपते, घडी न घालता गुंडाळते आणि जुन्या सुती लुगड्यात बांधून माळ्यावर चढवते. प्लास्टिकात कधीच नाही, आत दमटपणा कोंडतो. माळा स्वयंपाकघरावर आहे, चुलीची ऊब लागणारी घरातली सगळ्यात कोरडी जागा. आणि कोरडी जागा म्हटल्यावर पावसाळ्याची सुकी मासळीही तिथेच.

गेल्या वर्षी मांजराने उच्छाद मांडला होता. सुक्या बांगड्यांची पिशवी त्याला कुठे सापडणार नाही, याचा मी बराच विचार केला आणि ती गुंडाळलेल्या गालिच्याच्या पोकळीत सारली. स्वतःच्या हुशारीवर खूश झाले आणि साफ विसरले.

त्याच पावसात, चतुर्थीच्या आठ दिवस आधी वन्संचा फोन आला. नोकरी संपली, कायमच्या येतायत, मसुऱ्याचं घर दुरुस्त होईपर्यंत आमच्याकडेच राहतील. मी गालिचा उतरवला, लुगडं सोडलं आणि आतून बांगड्यांची पिशवी घरंगळली. घरात चतुर्थीमुळे मासळीचं नाव काढायचं नाही, आणि गणपतीपुढे घालायच्या गालिच्याला अख्ख्या मासळीबाजाराचा वास.

बाहेर पाऊस. धुवायची सोय नाही, भिजला तर आठ दिवसांत वाळणार नाही आणि पाठ कुजेल. शेजारीण म्हणाली मीठ भुरभुरव. पण आमच्या हवेत मीठ पाणीच ओढणार. मी खायचा सोडा पसरला, दिवसभर ठेवला, झाडला, पुन्हा पसरला. पंखा लावला. कापूर ठेवला. सहाव्या दिवशी गालिच्याला कापूर लावलेल्या बांगड्याचा वास यायला लागला. नवरा म्हणाला, पूर्वीचा बरा होता. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. इतक्या वर्षांची मेहनत एका पिशवीने पाण्यात गेली होती, आणि आता वन्सं माझ्याबद्दल काय ते ठरवणार, याची मला खरोखर भीती वाटत होती.

वन्सं आल्या. चहा नको म्हणाल्या, खुर्ची नको म्हणाल्या, गालिच्यावर पाय पसरून बसल्या. थकल्या होत्या, केस बरेच पिकले होते. मग त्यांनी नाक वर केलं.

"बांगडे खंय ठेवलंस गो?"

मी सगळं सांगून टाकलं. मांजर, पिशवी, सोडा, कापूर. सांगता सांगता रडू आलं, आणि दर शुक्रवारी मला किती धडकी भरायची तेही तोंडातून निघून गेलं. वन्सं आधी हसत होत्या. ते ऐकून हसायच्या थांबल्या.

"अगो, लग्नात चार दिवस काय ती तुका बघितलंय. तुझ्याशी काय बोलूचा ताच माका सुचत नाय होता. म्हणान गालिच्याचा इचारी होतंय. तो अजून आसा, ह्याच माका खरा वाटत नाय."

मी त्यांच्याशेजारी बसले. पाय न पुसता. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गणपतीपुढे आम्ही साधी चटई घातली. विसर्जनानंतर चांगली उघडीप मिळाली, तेव्हा दोघींनी मिळून गालिचा गॅलरीच्या कठड्यावर टाकला आणि आळीपाळीने झोडपला. वास बराचसा गेला. त्या शुक्रवारी दुपारी मी वह्या तपासत होते आणि वन्सं आतल्या खोलीत पडल्या होत्या. नेहमीच्या वेळेला आतून हाक आली.

"गालिचो बरो आसा मां गो?"

"तो बरो आसा," मी म्हटलं, आणि चौदा वर्षांत एकदाही न विचारलेलं विचारलं. "तुमी बऱ्या आसात मां?"

मी वही मिटली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.