इंद्रभान मिस्त्रीचा कोरडा स्लॅब

आमच्या सुलतानपुरात इंद्रभान मिस्त्रीला वेड्यात काढणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होतो, हे आधीच कबूल करतो. मी शाळामास्तर, चुकलो तरी मोठ्या आवाजात चुकतो.

झालं असं, की ऐन एप्रिलात इंद्रभानने झुंबरबाईच्या घरकुलाचा स्लॅब टाकला. बाई एकटी, साठी उलटलेली, पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणणारी. स्लॅब टाकला की वर मातीचे वाफे करायचे आणि दोन आठवडे पाण्याने भरलेले ठेवायचे, नाहीतर स्लॅबला तडे जातात, ही आमच्याकडची रीत. इंद्रभानने वाफे केलेच नाहीत. बुलढाण्याच्या एका शिबिरात तो शिकून आला होता, की काँक्रीट कालवतानाच त्यात मोजून एक औषध घातलं, तर आतलं पाणी आतच राहतं आणि स्लॅब आपला आपण मुरतो. स्वतःच्या न्हाणीघरावर त्याने ते आधी करून पाहिलं होतं. तडा गेला तर फोडून पुन्हा बांधून देईन, असा त्याने बाईला शब्द दिला.

कोरडा स्लॅब पाहून गावाने टर उडवली. पंचवीस वर्षांत कमावलेलं नाव पणाला लावलेला हा माणूस मात्र कुणाशी वाद घालत नव्हता. मला त्याचाच जास्त राग यायचा.

पाचव्या दिवशी सकाळी तो पाहणी करायला निघाला, मीही मागे गेलो. झुंबरबाई घागर घेऊन शिडीवर उभी! हाताला येईल तेवढा एक कोपरा ती रोज प्यायच्या पाण्याने भिजवत होती. आता हा भडकणार, असं मला वाटलं.

"इंद्रभाना," बाई रडवेली होऊन म्हणाली, "तान्ह्या लेकराले कोनी उपाशी ठेवते का?"

त्याने घागर हळूच खाली घेतली. "मावशी, त्याले पाजूनच निजवलं हाय मी. हे पानी तू पे."

तीन आठवड्यांनी स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या काढायला घेतल्या. बघायला आलेले आम्ही सगळे चांगली वीस पावलं लांब. इंद्रभान आत जाऊन बरोबर मधोमध बसला आणि मजुरांना म्हणाला, काढा. तेवढ्यात झुंबरबाई आमच्यातून वाट काढत गेली आणि पदर सावरून त्याच्या शेजारी बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

शेवटची बल्ली निघाली. स्लॅबला केसाएवढीही भेग नव्हती. मी अजून बाहेरच उभा होतो.