सरूमायचा जवाई

लग्न होऊन मी मानोऱ्याकडच्या गावात आले आणि तिसऱ्याच दिवशी माझी फजिती झाली. इंग्रजी अंमलाची शेवटची वर्षं, वैशाखातली दुपार. सासूबाई घरात नव्हत्या. कुडापलीकडून शेजारच्या सरूमाय कुंभारणीचा आवाज आला, "जवाईबापू, कूस बदला आता. पाठ भाजून राह्यली ना तुमची!"

शेजारी जावई आला आणि पाणी विचारलं नाही, तर बोल मलाच लागेल. मी पदर ओढला, गडव्यात पाणी आणि वाटीत गूळ घेतला, मान खाली घालून पलीकडे गेले आणि वाटी पुढे केली. गूळ कुणीतरी फुरफुर करत खाल्ला. वर पाहिलं तर म्हशीच्या पारड्याएवढं काळं डुक्कर!

सरूमाय हसून हसून खाली बसली. "चौथी शिकलेली सून आणली म्हणत होते! तुले मानूस अन् डुक्कर समजत नाही काय वं?"

"तुमीच त्याले जवाई म्हणून राह्यल्या."

"मंग काय म्हणू? खाते, लोळते अन् रुसते. पोरगी नाही मले, पण जवाई हाय."

सरूमाय देखणी नव्हती आणि तोंडाची फटकळ होती. स्वतः उन्हात उघड्या डोक्यानं फिरे. डुकरासाठी मात्र मातीच्या खड्ड्यावर तुऱ्हाट्यांचा मांडव घालून वर पळसाची पानं टाकली होती. दुपारी त्याच्या कानांवर एरंडाची ओली पानं ठेवी. पाणी आधी पायांवर, मग पोटावर, शेवटी पाठीवर. मी एकदा घागर सरळ त्याच्या डोक्यावर धरली, तर माझा हात पकडून म्हणाली, "तापलेल्या टाळूवर असं पानी टाकते काय कोनी? धाप लागते त्याले."

सासूबाई टोमणा मारत, "नवऱ्याची एवढी सेवा केली असती तं सरग भेटला असता."

"नवरा चिखलात लोळून खूश होत असता तं तेही केलं असतं," ती म्हणे.

नवरा दमेकरी, त्याला माती तुडवणं जमत नसे. त्या वर्षी पाटलांनी नव्या घराचे सगळे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, तिला सांगितले होते. तेवढ्यावर तिचं वर्षाचं पोट निघणार होतं. डुक्कर दिवसभर मातीच्या खड्ड्यात लोळे, थंड राही आणि माती लोण्यासारखी मळून देई. नाकानं हुडकून खडेही बाहेर फेकी. खडा राहिला की भट्टीत कवेलू फुटतो. त्या वर्षी फारसे फुटलेच नाहीत.

कुणीतरी चहाडी केली. पाटील काठी आपटत आले, मागे निम्मं गाव. "माह्या घरावर डुकरानं तुडवलेली माती? आजच्या आज हाकल त्याले. नाही तं तुह्ये कवेलू तुलेच लखलाभ!"

सरूमायनं मातीचे हात लुगड्याला पुसले. "पाटील, त्याच मातीत गाढवाची लीद कालवली हाय. ते चालते ना?"

"लीदीची गोष्ट येगळी."

"बरं. हे दोन ढीग. एकाची माती माह्या पायानं तुडवली, एकाची त्यानं. डुकराचा ढीग ओळखा. ओळखला तं जवाई चालला. नाही ओळखला तं सगळे कवेलू तुमच्या घरावर."

पाटलांनी दोन्हीकडचे कवेलू वाजवले, हुंगलेसुद्धा. मग काठी एका ढिगावर टेकवली. "हा. बद्द वाजते."

"चुकले पाटील. तो माह्या पायाचा."

लोक हसले. पाटील लाल झाले आणि कुडापाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू शेजारीन. हे खरं हाय काय?"

नव्या सुनेनं पाटलासमोर बोलायचं नसतं. मी पदराआडून होकाराची मान हलवली. पाटील शब्दाचे पक्के. दुसऱ्याच दिवशी बैलगाड्या आल्या.

गाड्या गेल्यावर मी म्हटलं, "सरूमाय, तुमी कवा तुडवली वं माती?"

"मी? मी तं त्याले पानी टाकून राह्यली होती."

पुढे डुक्कर म्हातारं होऊन मेलं आणि दोन वर्षांनी सरूमायही गेली. पाटलांच्या घरावर तेच कवेलू अजून आहेत. त्यांच्याखाली लग्नं लागली, सोवळ्यातल्या पंगती उठल्या, दरवर्षी सत्यनारायण झाला. प्रसादाचा शिरा मीही खाल्ला. एकदाही घशात अडकला नाही.