कड फाटलेली भाकरी

“मास्तर, आज वार कोणता?”

“शुक्रवार की.”

“मग शनिवारी सकाळी तुम्ही तलावाला दोन फेऱ्या मारल्या, त्या कधी?”

सिद्राम मास्तरांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग पंख्याकडे पाहिलं. “उद्या जाणारच हाय की, मॅडम.”

“आणि रविवारी बहिणीकडे गेलात. पुढे लिहिलंय, ‘बरं वाटलं.’ रविवार यायचाय अजून!”

मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि काउन्सेलरने पेशंटसमोर दोन्ही आवरायचं असतं.

मी काउन्सेलर आहे. सोलापुरात एका मानसोपचार डॉक्टरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली. डॉक्टर तपासतात, निदान करतात, गोळ्या देतात. मी ऐकते, बोलते आणि माणसाकडून रोजची छोटी छोटी कामं करून घेते. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, युनिफॉर्मच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेच्या उभ्या पात्याने सगळे थर एकदम कापायचे. पातं जरा सरकलं की सगळ्या शर्टांचे खांदे बिघडतात. मास्तरांचं पातं सरकत नसे. पण शाळा सुरू झाल्या, सीझन संपला, की मास्तरच खाली बसायचे. ही तिसरी खेप होती. डिप्रेशनचं असंच असतं, एकदा येऊन गेलं की त्याला घर माहीत होतं. अंघोळ नको, जेवण नको, बोलणं नको. “तीन आठवडं भिताडाकडं त्वांड करून पडल्यात,” त्यांच्या बायकोने, महानंदाने, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मागच्या खेपेला गोळ्यांनी त्यांना बरं वाटलं होतं. पण कामावर झापड यायची. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एक दिवस पात्याखाली बोट गेलं. नखावर निभावलं, पण गोळीचं नाव काढलं की ते बोट मुठीत लपवायचे.

“गोळी बदलून देता येते,” डॉक्टर म्हणाले.

“नको, सायेब. माज्या हातात मशीन असतंय.”

डॉक्टरांनी नीट तपासलं. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. तसं काही नव्हतं. दुखणं होतं, पण हाताबाहेर गेलेलं नव्हतं. मग डॉक्टरांनी अट घातली. “सहा आठवडे दर शुक्रवारी मॅडमकडे यायचं. मीही बघणार. जड झालं किंवा मरणाचा विचार आला, तर त्याच दिवशी गोळी सुरू. तेव्हा हुज्जत चालणार नाही. कबूल?”

“कबूल.”

मास्तर बाहेर गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, “मॅडम, याचं खरं चित्र दर आठवड्याला मला पाहिजे. त्याच्यावरच सगळं आहे.”

मास्तरांच्या परवानगीने मी त्यांच्या शेठना फोन केला. शेठ वाईट नव्हते. “मास्तर म्हंजे आमचा उजवा हात हाय, मॅडम. पण दिवाळीनंतर पुढच्या सालचे सॅम्पल काढायचेत. तवर उभे ऱ्हायले तर ठीक. न्हाईतर मला दुसरा मानूस बघावा लागंल.”

मास्तरांना टेबल गमवायचं नव्हतं. त्या टेबलावर त्यांची पंचवीस वर्षं गेली होती.

तर मी त्यांना ॲक्टिव्हिटी चार्ट दिला. सोमवार ते रविवार, सात दिवसांचे सात रकाने. डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतो, मन लागेल तेव्हा करीन. ते मन काही लागत नाही. म्हणून उलट्या बाजूने सुरू करायचं. आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. रोज काय केलं, ते त्याच दिवशी रकान्यात लिहायचं, एवढाच तो चार्ट. पहिल्या आठवड्याला मास्तरांनी तो गच्च भरून आणला. मी खूश. डॉक्टरांना ऐटीत दाखवला, “बघा, फरक पडतोय.” दुसऱ्या आठवड्याला त्यांनी शनिवार-रविवारही भरून आणले आणि मी तोंडावर आपटले.

“कटिंगमदे जॉब कार्ड आदीच भरून ठिवावं लागतंय,” मास्तर पुटपुटले.

“मास्तर, खरं सांगा.”

बराच वेळ ते बोटाचं ते नख चोळत राहिले. मग म्हणाले, “एकबी केलं न्हाई. दोनी आठवडं. तुमी एवड्या रेघा मारून कागद दिला, त्यो रिकामा आनायची लाज वाटली.”

आणि रडले. मलाही भरून आलं. राग होता तो माझ्यावरच. रिकामा कागद आणला तरी मी तुम्हाला चहा देणार आहे, हे मी या माणसाला सांगितलंच नव्हतं. दोन आठवडे फुकट गेले होते. उरले चार.

बाहेर महानंदा बसली होती. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत कडक भाकरीचा गठ्ठा. ती ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापून, भाजून, कडक वाळवून दुकानात घालायची. ती पिशवी बघून माझ्या डोक्यात आलं.

“मास्तर, चार्ट बंद. उद्यापासून सकाळच्या चहानंतर महानंदाशेजारी बसायचं आणि एक भाकरी करायची. पीठ मळण्यापासून सगळी तुमची तुम्ही. एकच. दुसरी करायची नाही. रोजची भाकरी बाजूला ठेवायची आणि शुक्रवारी मला आणून द्यायची. ही काही आधी भरून ठेवता येणार नाही.”

महानंदा खुदकन हसली. “मॅडम, कडक भाकरी म्हैनाभर टिकतीया की. एका दिवसात सात थापून ठिवतील ह्ये.”

सोलापुरात जन्म गेला आणि मला हे सुचू नये! “तू बस पहाऱ्याला,” मी म्हटलं.

“मी बाप्यामानूस, भाकरी थापू?” मास्तर म्हणाले. “शेजारी काय म्हनतील?”

महानंदा त्यांना कानडीत काहीतरी म्हणाली. मला त्यातलं ‘साकु’ एवढंच कळलं. साकु म्हणजे पुरे. मास्तर उठले.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी पाच भाकऱ्या आणल्या. एकसारख्या गोल, ताटासारख्या. मी थक्क झाले. “अहो मास्तर, हात काय आहे तुमचा! मला इतक्या वर्षांत अशी जमली नाही.”

महानंदाने पदर तोंडाला लावला.

“काय झालं?”

“त्येंनाच इचारा.”

मास्तरांनी ताटली पालथी घालून, सुरीने कड कापली होती. पाचही भाकऱ्यांची. कटिंग मास्तर तो, फाटकी कड त्याच्याने बघवेना! आणि मी पुन्हा फसले होते. यावेळी मात्र मला हसू आवरलं नाही. मी हसले, महानंदा हसली आणि मास्तरांच्याही ओठाचा एक कोपरा हलला. महानंदा लगेच माझ्याकडे बघायला लागली. दीड महिन्यात तिने ते पाहिलं नव्हतं.

“कापलेल्या कडा कशा होत्या?” मी विचारलं.

“लई फाटलेल्या,” महानंदा म्हणाली. “पीठ मळाय पायजे ना जोर लावून. ह्ये दोनदा हात फिरवत्यात आन् सोडत्यात. मग थापताना कड फाटतीया.”

“आणि जोर कधी लागतो?”

“जवा बरं असतंय तवा.”

मग मला कळलं, डॉक्टरांना हवं असलेलं खरं चित्र त्या फाटक्या कडेतच होतं. “मास्तर, आता ऐका. कड कापायची नाही. फाटली तर फाटलेली आणायची. जाड झाली तर जाड. केलीच नाही तर रिकामे हात घेऊन यायचं. पण यायचं.”

“रिकामे हात चालत्याल?”

“पळतील.”

पुढच्या आठवड्यात चारच भाकऱ्या आल्या, जाड आणि चहूबाजूंनी फाटलेल्या. मी त्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

“हे काय?”

“रिपोर्ट.”

डॉक्टरांनी एक उचलून वाजवून बघितली. “रिपोर्ट जाड आहे, मॅडम.”

“जाड आहे, पण खरा आहे.”

त्यांनी मास्तरांना आत बोलावून पुन्हा सगळं विचारलं. झोप, भूक, नको ते विचार. म्हणाले, अजून थांबू. मला मात्र धाकधूक होती. गोळीला उशीर करणं हा काही पराक्रम नव्हे, आणि माझ्या भाकरीच्या हट्टापायी या माणसाचे हाल तर होत नाहीत ना, हा प्रश्न मी तो आठवडा रोज स्वतःला विचारला.

पाचव्या शुक्रवारी सहा भाकऱ्या आल्या. कडा फाटलेल्या, पण कमी. शिवाय मास्तर महानंदाबरोबर दुकानापर्यंत चालत जायला लागले होते, पिशवी त्यांच्या हातात. सहाव्या शुक्रवारी सात आल्या. वरची भाकरी पातळ होती आणि कड जवळजवळ शाबूत.

“आता मलाच शिकवाय लागल्यात,” महानंदाने तक्रार केली. “तुजी भाकरी डाव्या अंगाला वाकडी हाय म्हनं.”

“वाकडी हाय तर वाकडी म्हनू नको का?” मास्तर म्हणाले.

ते भांडण ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिघांसाठी चहा सांगितला. पुढच्या सोमवारी मास्तर कारखान्यात एक तास गेले. मशीनला हात लावायचा नाही, फक्त खडूने आखायचं, असं शेठशी ठरलं होतं. आठवड्याने दोन तास झाले. दिवाळीनंतर सॅम्पलचं पहिलं कापड त्यांनीच कापलं. शेठनी फोन करून कळवलं, “मॅडम, खांदा एक नंबर बसलाय.”

इथे गोष्ट संपली असती, पण परत परत येणाऱ्या आजाराची गोष्ट संपत नाही. शेवटच्या भेटीत मी दोघांना बसवून सांगितलं, हे पुन्हा येऊ शकतं. लवकर ओळखायचं, एवढं आपल्या हातात आहे. भाकरी सोडू नका.

पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्या आणि एका सकाळी मास्तर दवाखान्यात हजर. अपॉइंटमेंट नाही, महानंदा नाही. अंघोळ केलेली, शर्टाला इस्त्री. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

“चार दिस झालं, कड फाटतीया. पीठ नवंच हाय. म्हानंदाची चांगली येतीया, माजीच फाटतीया. म्हून आलो.”

मी कागद उघडला. भाकरी जाड होती आणि एका बाजूने बोटभर चिरलेली.

“कापली न्हाई, मॅडम,” ते म्हणाले.

मागच्या खेपेला ते तिसऱ्या आठवड्यात आले होते, तेही महानंदाने ओढत आणलं म्हणून. यावेळी चौथ्या दिवशी, आपल्या पायांनी. माझे डोळे भरले, ते मी लपवलेही नाहीत. काउन्सेलर असले तरी मलाही डोळे आहेत.

डॉक्टरांसमोर मास्तर स्वतःहून म्हणाले, “औंदा गोळी लागली तर घीन, सायेब. झापड आली तर सांगीन. लपवनार न्हाई.” डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, इतक्या लवकर आलात, तर आधी मागच्यासारखंच करू. तीच अट, तेच शुक्रवार. यावेळी चौथ्या आठवड्यातच मास्तर पूर्ण वेळ टेबलाला लागले. गोळी लागली नाही. लागली असती तर दिली असती आणि त्यांनी घेतलीही असती.

त्यानंतर माझ्या कामात दोन बदल झाले. चार्ट देताना वरच्या कोपऱ्यात मी लाल पेनने लिहून देते, ‘रिकामा आणला तरी चालेल.’ आणि शुक्रवारी पेशंट आला, की आधी शनिवारचा रकाना बघते.